पाणी कुठवर येईल, हे कोण सांगणार?

चौथं वर्ष करायचं की तिसऱ्या वर्षाला पदवी घेऊन बाहेर पडायचं, हा प्रश्न सध्या कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत जेवताना निघतो. नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा आराखडा स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ मध्ये आला, संलग्न महाविद्यालयांत त्याच्या पुढच्या वर्षी. त्या पहिल्या तुकड्या आता चौथ्या वर्षाच्या उंबऱ्याशी आल्या आहेत. भूगोल घेतलेल्या मुलांपुढे त्यात एक नवी वाट आहे: भूअवकाशीय विज्ञानात ऑनर्स. म्हणजे जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यामागची माहिती हाताळायची पद्धत), उपग्रहाच्या प्रतिमा, जीपीएसची मोजणी, ड्रोन. मध्यंतरी एका पालकसभेत हा विषय निघाला. मंचावरचे वक्ते ड्रोनचे फोटो दाखवून नोकऱ्यांचे आकडे सांगत होते. मागच्या रांगेतून कागलकडचे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "सर, पोरगीला सहा महिन्यांचा कोर्स लावतो की. नकाशाच काढायचा तर चार वर्षं कशाला?" मंचावरून त्यांना पुन्हा नोकऱ्यांचेच आकडे ऐकवले गेले. त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

सत्तावीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस म्हणून सांगतो, हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या जागी चालला आहे. एक बाजू पगार मोजते, दुसरी महिने मोजते, आणि दोघांनीही हे शिक्षण म्हणजे सॉफ्टवेअर चालवणं असं धरलं आहे. तसं असतं तर त्या गृहस्थांचंच बरोबर होतं; क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि हुशार मुलगी ते दोन महिन्यांत शिकते. माझं म्हणणं असं की ही पदवी हवी, पूर्ण चार वर्षांची हवी आणि कोल्हापुरात तर हवीच. नकाशा काढणं आता कुणालाही जमतं. समोर आलेला नकाशा कुठे चुकला असेल, किती चुकला असेल आणि ती चूक कुणाच्या दारात जाऊन बसेल, हे ओळखायला मात्र शिकावं लागतं, आणि ते शिकायला वेळ लागतो.

कोल्हापूरकराला मोजमापाचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही. पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इथे फूट-इंचात घरोघरी पोहोचते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्याच्याही आधीपासून, शिवाजी पुलाकडे बोट दाखवून "मच्छिंद्री झाली का?" एवढं विचारलं की जुन्या माणसाला पाणी कुठवर चढलं ते समजत आलं आहे. २००५, २०१९, २०२१. शेवटच्या दोन पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, व्हीनस कॉर्नरला नावा फिरल्या. आता साधा प्रश्न विचारतो. बंधाऱ्यावर ४७ फूट असेल तेव्हा तुमच्या गल्लीतल्या कोणत्या घराच्या कोणत्या पायरीला पाणी लागेल? बंधाऱ्यावरचे फूट त्या एका जागच्या मोजपट्टीचे आहेत. तुमची पायरी समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, नदीच्या पाण्याला बंधाऱ्यापासून तुमच्या नाल्यापर्यंत किती उतार आहे, जयंती नाल्यातून पाणी मागे किती फुगतं, हे सगळं एका साखळीत बसवल्याशिवाय उत्तर मिळत नाही. त्यातली एक कडी जरी चुकली तर उत्तर असण्यापेक्षा नसलेलं बरं, कारण चुकलेल्या उत्तरावर विसंबून माणसं घरात थांबतात.

सहा महिन्यांत शिकलेला मुलगा हे काम कसं करेल? इंटरनेटवरून जमिनीच्या उंचीची तयार माहिती उतरवेल. त्यातली सर्रास वापरली जाणारी माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारनं गोळा केलेली आहे. तिच्यात ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशा चौकोनाला मिळून एक उंची असते. त्या उंचीत काही मीटरांची चूक सहज असते, कारण रडारला दाट वस्तीतली छपरं आणि झाडांचे शेंडेही जमिनीसारखेच वाटतात. आणि आपल्याकडे इशारा आणि धोका यांच्यात अंतर किती? चार फूट. जेमतेम सव्वा मीटर. सव्वा मीटरचा प्रश्न काही मीटर चुकणाऱ्या मापानं सोडवायचा आणि वर निळ्या रंगाच्या सुंदर छटा भरायच्या. समजा, तो मुलगा हौशी निघाला आणि स्वतः जीपीएस घेऊन गल्लीत गेला. जीपीएस मुळात उंची काढतो ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे. आपल्या भागात या दोन उंचींमध्ये ६० मीटरांहून जास्त फरक आहे. हा फरक दुरुस्त करायचा असतो हेच ज्याला कुणी शिकवलं नाही, त्याच्या नकाशावर कोल्हापूर कुठल्या कुठे खाली जाईल. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. दोन-तीन मीटरांची भरत नाही, म्हणून ती जास्त घातक.

दुसरं उदाहरण शिरोळ तालुक्यातलं घेतो, कारण हा विषय किती खोल आहे ते तिथे दिसतं. २०१९ च्या ऑगस्टसारखे ढग असले की साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह निरुपयोगी होतात. त्यातला सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी १० मीटर बारकाईची प्रतिमा देतो, पण ढगाखालचं त्याला काही दिसत नाही. म्हणून पुरात रडारचे उपग्रह वापरतात. रडार स्वतःची लहर सोडतं, ती ढगातून आरपार जाते. संथ पाण्यावर पडलेली लहर आरशावरच्या उजेडासारखी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून प्रतिमेत पाणी काळं दिसतं. काळा भाग वेगळा काढला की पूरक्षेत्राचा नकाशा तयार. तासाभराचं काम, आणि कुठल्याही कोर्समध्ये हे शिकवतात. आता नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या आसपासचं शिवार डोळ्यांपुढे आणा. ऑगस्टात आडसाली ऊस माणसाहून उंच झालेला असतो. खाली कमरेएवढं पाणी, वर दाट पाला. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची; ती बरीचशी पाल्यातच अडकते. त्या शेताचा तुकडा प्रतिमेत काळा येत नाही. ज्या शेतकऱ्याचा ऊस आठवडाभर पाण्यात उभा राहून कुजला, त्याचं शेत नकाशावर कोरडं दिसतं. लांब लहरीचं रडार असेल तर चित्र वेगळं: जुलै २०२५ मध्ये सोडलेल्या निसार उपग्रहाची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे, ती पाल्यातून खाली उतरते, पाण्यावरून खोडावर आपटून परत फिरते, आणि बुडालेलं पीक काळं दिसण्याऐवजी उलट उजळ दिसू शकतं. काळं म्हणजे पाणी एवढंच पाठ केलेल्या माणसाच्या हाती ही प्रतिमा दिली तर तो काय करेल? पंचनाम्याला उद्या कुणी अशा नकाशाचा आधार घ्यायचं ठरवलं, तर उसाखालचं पाणी ओळखणारा माणूस त्या टेबलाशी असायला नको का? तो माणूस पदार्थविज्ञान शिकलेला हवा. आणि त्यानं ऑगस्टातला ऊस बांधावर उभं राहून पाहिलेला हवा. दुसरी अट मुंबई-पुण्याच्या विद्यापीठापेक्षा कोल्हापूरच्या मुलीला सहज पुरी करता येते.

विरोधकांचे मुद्दे मात्र हलके नाहीत, आणि मला ते टाळायचे नाहीत. नोकऱ्यांचंच बघा. या क्षेत्रातलं आज मिळणारं बरंचसं काम कंत्राटी आहे: दिवसभर पडद्यावर रस्ते आणि घरांच्या कडा गिरवायच्या, चौरस किलोमीटरवर पैसे. ते कामही आता यंत्र करू लागलं आहे. सरकारी बाजू आणखी अवघड. भूमी अभिलेखात भूकरमापक व्हायचं तर स्थापत्यची पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षकाचा कोर्स मागतात. तिथे भूगोलाची पदवी, ऑनर्स असो वा नसो, चालत नाही. शिकवणार कोण हाही प्रश्न आहेच. गावोगावच्या महाविद्यालयांत भूगोल विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चालले आहेत, ज्यांना पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हे माहीत नसतं. त्यात बहुतेक ठिकाणी भूगोल कला शाखेत; मुलांचं गणित दहावीनंतर सुटलेलं. अशा ठिकाणी ऑनर्सची पाटी लावणं म्हणजे पालकांची फसवणूक होईल, हे मला मान्य आहे. दोन पूर्णवेळ शिक्षक, मोजणीची साधनं आणि गणिताचा सक्तीचा पाया नसेल, तर त्या महाविद्यालयानं हे चौथं वर्ष सुरूच करू नये. जिल्ह्यात तीसऐवजी तीन ठिकाणी चालू द्या, विद्यापीठाच्या विभागाशी जोडून.

पण 'वर्ष वाया जातं' हा हिशोब बरोबर नाही. तीन वर्षांची पदवी घेऊन पदव्युत्तरला गेलं तर आणखी दोन वर्षं लागतात. चार वर्षांनंतर एक. बेरीज दोन्हीकडे पाचच. जिला पदव्युत्तरला जायचंच नाही तिचा प्रश्न वेगळा, आणि जिच्या घरी तातडीनं पगार यायला हवा तिनं तिसऱ्या वर्षाला बाहेर पडावं. धोरणानं ती सोय ठेवली आहे आणि त्यात कमीपणा नाही. भरतीच्या नियमांबद्दल म्हणायचं तर, ते नियम बदलायला हवेत. भूमी अभिलेख कार्यालयांत रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या मदतीनं जागा मोजणारी यंत्रं आली, गावठाणांची ड्रोननं मोजणी करणारी स्वामित्व योजना २०२० पासून चालू आहे, आणि तरी या साधनांच्या चुकांचा अभ्यास केलेली पदवीधर मुलगी अर्जच भरू शकत नाही. विद्यापीठांनी सरकारकडे भांडायचं ते यासाठी. पगाराचे आकडे फलकावर लावण्यात जी शक्ती जाते आहे ती इथे लावावी.

सगळ्यात बिनतोड प्रश्न मला एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारला. त्याचे वडील उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले. तो म्हणाला, "सर, आमच्या नानांनी कुठली पदवी घेतली होती? हातानं काम करत शिकले. नकाशाचं काम तसं का शिकता येऊ नये?" कोल्हापूरचं उद्यमनगर हा या शहराचा अभिमान आहे, ऑइल इंजिनापासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत इथल्या मिस्त्रींनी काय घडवलं नाही? त्यामुळे या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार केला. मला दिसलेलं उत्तर असं. लेथवर दोन सूत जास्त कापलं गेलं तर चूक त्याच संध्याकाळी कळते. शाफ्ट बसत नाही, गिऱ्हाईक जॉब परत आणून टाकतं, वस्ताद पोराच्या हातात दुसरा तुकडा देतो. चूक आणि ती करणारा समोरासमोर असतात, म्हणून हात शिकतो. नकाशात तसं होत नाही. आज चुकीची ओढलेली रेषा उद्या कुणी परत आणून देत नाही. ती दहा-पंधरा वर्षांनी बोलते, दुसऱ्याच माणसाच्या घरात, आणि तोवर ती ओढणारा बदली होऊन गेलेला असतो. जिथे काम स्वतःची चूक दाखवत नाही, तिथे चूक शोधण्याची पद्धत आधी शिकावी लागते: एकाच जागेची दोन वेगळ्या मार्गांनी मोजणी, मापातल्या चुकीचं गणित, तपासणीचे नमुने, आणि नकाशाच्या कोपऱ्यात 'हा इतका चुकू शकतो' असं लिहायची सवय. नानांची कसोटी शाफ्ट घेत होता. या मुलांची कसोटी कुणी घ्यायची?

ही नवी गोष्ट नाही. महाराष्ट्रानं याची किंमत एकदा मोजलेली आहे. पेशवाई गेल्यावर १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जमिनीची मोठी पाहणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत किती पिकतं, खर्च किती, निव्वळ किती उरतं, त्यातून सारा किती घ्यावा. कागदावर हा हिशोब फार शास्त्रीय होता, त्या काळच्या अर्थशास्त्राला धरून. पण शेतांची मोजणी चुकलेली होती, प्रतवारी करणाऱ्यांत लाचखोरी होती आणि ते तपासायची सोय नव्हती. न झेपणारा सारा बसला. इंदापूर तालुक्यात शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी त्याच इंदापुरातून नव्यानं सुरुवात केली. त्यांनी मोठा सिद्धांत बाजूला ठेवला. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे, साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. मातीची खोली आणि रंग पाहून नऊ प्रती. कच्च्या हातांना कामातच घडवलं आणि केलेलं काम शेतात जाऊन पुन्हा तपासलं. १८४७ च्या संयुक्त अहवालात हे नियम पक्के झाले आणि आपला शेतकरी आजही त्याच गुंठ्यात बोलतो. साधनं प्रिंगलकडे आणि या जोडीकडे एकाच काळातली होती. फरक पडला तो मोजणारा कसा घडवला आणि त्याला कसा तपासला यामुळे. आज आपल्या हाती साखळीऐवजी उपग्रह आहेत, आणि आपण प्रिंगलच्या वाटेनं चाललो आहोत असं मला दिसतं: पडद्यावरचं शास्त्र झगझगीत, शेतात जाऊन तपासणारं कुणी नाही.

जिल्ह्याच्या पश्चिम तालुक्यांतला वादही याच आजाराचा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राबद्दल गाडगीळ समितीनं २०११ मध्ये साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनांवर विचार केला. कस्तुरीरंगन गटानं २०१३ मध्ये २४ मीटर बारकाईच्या उपग्रह प्रतिमा वापरल्या आणि ज्या गावाचं २० टक्के किंवा जास्त क्षेत्र निसर्गक्षेत्रात येतं ते सबंध गाव यादीत घेतलं. तेव्हापासून गावोगाव बाजूनं आणि विरुद्ध बोललं जातं. आमच्या गावातले २० टक्के म्हणजे नेमके कुठले, काजूची बाग प्रतिमेत जंगल म्हणून तर मोजली गेली नाही ना, किंवा खरं जंगल पडीक म्हणून सुटलं नाही ना, हे विचारणारा माणूस ग्रामसभेत नसतो. मी स्वतः घाटाच्या संरक्षणाच्या बाजूचा आहे. म्हणूनच मला वाटतं, रेषा तपासता येणारी एक मुलगी गावात असेल, तर तिच्यामुळे संरक्षणाचीही बाजू बळकट होते. लोक न कळणाऱ्या रेषेला घाबरतात आणि घाबरले की सरसकट नाही म्हणतात.

पूररेषेचंही तेच. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, दोहोंच्या मध्ये नियंत्रित. एखाद्यानं निवृत्तीच्या पैशातून घेतलेला गुंठा-दीड गुंठा त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, यावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. आणि २०१९ नंतर दोनच वर्षांत तितकाच मोठा पूर आल्यावर १०० वर्षांतून एकदा म्हणजे काय, हे त्याला कुणीतरी समजेल अशा मराठीत सांगायला हवं. तो संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बिल्डर देणार नाही आणि मोर्चाही देणार नाही.

यंत्र आता सगळं स्वतःच करेल, मग माणूस कशाला, असंही म्हणतात. यंत्र घरांच्या कडा माणसापेक्षा वेगानं ओढतं, हे मी पाहिलं आहे. जितक्या वेगानं ओढतं तितक्या वेगानं चुकतंही, आणि सारख्याच आत्मविश्वासानं. गिरवणाऱ्यांची गरज संपेल, तपासणाऱ्यांची वाढेल. फेब्रुवारी २०२१ पासून तर नकाशे करण्यावरची परवानग्यांची जुनी बंधनंही भारतीय संस्थांसाठी उठली आहेत. जो तो नकाशे करणार आहे.

मग त्या चौथ्या वर्षात करायचं काय? माझी मागणी साधी आहे. वर्गातले तास कमी करा आणि मुलांच्या हाती लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण आणि आकड्यांची पट्टी द्या. टिपण आणि फाळणी हे जमीनमोजणीचे जुने कागद वाचायला शिकवा, जमलं तर मोडीही, म्हणजे जुन्या दप्तरातली शिवेची वर्णनं त्यांना लावता येतील. आणि प्रत्येक मुलाला पंचगंगेकाठचं एक गाव किंवा शहरातली एक पेठ नेमून द्या: प्रयाग चिखली, आंबेवाडी, सुतारवाडा, दुधाळी. तिथल्या भिंतींवर तिन्ही पुरांच्या खुणा शोधायच्या, जवळच्या पक्क्या बेंचमार्कपासून (उंची आधीच ठरलेल्या खुणेपासून) त्यांची उंची दोनदा मोजायची, दोन मोजण्यांत किती फरक आला तेही लिहायचं, आणि ती वही सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवायची. पाच वर्षांत बंधाऱ्यावरचा फूट आणि घराची पायरी यांना जोडणारी, माणसांनी तपासलेली साखळी या शहराकडे असेल.

२०२१ च्या पुरानंतर मी तिसऱ्या वर्षाची आठ मुलं घेऊन नदीकडच्या एका गल्लीत हे करून पाहिलं. तीन दिवस लागले. तयार नकाशात समोरासमोरच्या दोन घरांमध्ये तीन मीटरांचा फरक दाखवला होता. आमच्या मोजणीत तो नऊ सेंटिमीटर आला. एका मुलीचा विश्वास बसेना, तिनं सबंध गल्ली एकटीनं पुन्हा मोजली. त्याच गल्लीत एका आजींनी २०१९ ची रेघ कोळशानं ओढून ठेवली होती आणि त्यानंतर ती भिंत रंगवू दिली नव्हती. २०२१ ची रेघ तिच्यावर वीतभर. बाकीच्या घरांत आम्ही पोहोचायच्या आधीच दिवाळीचा चुना लागला होता. आजींच्या भिंतीवरचे दोन आकडे तेवढे माझ्या वहीत आहेत.